न सापडलेल्या पेशीचा सत्कार

मी यीस्टवर संशोधन करते हे बिल्डिंगमध्ये कळलं, त्याच आठवड्यात समोरच्या गुजराती बेन एक पाव घेऊन आमच्या दारात आल्या. पाव त्यांनी घरी भाजला होता आणि तो विटेइतका जड होता. "देखो ना, फूलता ही नहीं," त्या म्हणाल्या. "तुम तो यीस्ट का डॉक्टर हो."

डॉक्टर व्हायला मला अजून चारपाच वर्षं होती, पण ते मी दुरुस्त केलं नाही. उलट पाव हातात घेऊन गंभीरपणे दाबून पाहिला आणि म्हणाले, "बेन, मेरा यीस्ट अलग है." हे मी अशा काही सुरात म्हणाले, की जणू त्यांचं यीस्ट पालिकेच्या शाळेतलं आणि माझं कॉन्व्हेंटमधलं. बेन बिचाऱ्या "अच्छा अच्छा" म्हणत पाव घेऊन परत गेल्या.

नव्वदच्या जरा पुढची ही गोष्ट. गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून आम्ही मीरा रोडला शांती नगरमध्ये वन बीएचके घेतला होता. घरात तिघंच. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आई घर सांभाळायची आणि मी एमएस्सी होऊन पीएचडीला लागलेली. बिल्डिंग नवी होती, तिच्या मागे मिठागरं आणि डास होते. पाण्याचा टँकर कधी येणार ते गेटजवळच्या काळ्या फळ्यावर सेक्रेटरी खडूने लिहायचे. आमच्या सोसायटीत त्या फळ्याइतकं कशालाच महत्त्व नव्हतं.

माझं यीस्ट खरंच वेगळं होतं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बिअरमधून ते पहिल्यांदा मिळालं होतं. ही माहिती मी कौतुकाने घरी सांगितली, तेव्हा आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "हे इथं कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी स्थळं बघतोय आम्ही. पोरगी दारूचं काहीतरी करते म्हटलं तर कोण येईल?" तेव्हापासून नातेवाइकांत मी 'औषधाचं काहीतरी' करत होते.

आता मी नेमकं काय करत होते ते सांगते, कारण पुढची फजिती त्याशिवाय कळायची नाही. यीस्ट म्हणजे एकाच पेशीचा जीव. सूक्ष्मदर्शकाखाली माझी पेशी औषधाच्या कॅप्सूलसारखी दिसते. ती लांबीने वाढते, मग मधोमध आडवी भिंत घालते आणि एकीच्या दोन होतात. पण भिंत घालण्याआधी तिला आपल्या डीएनएची अख्खी नक्कल करून घ्यावी लागते, म्हणजे दोघींच्या वाट्याला एकेक पूर्ण प्रत येईल. मधेच नक्कल अडली तर शहाणी पेशी भिंत घालत नाही, थांबून राहते. एक औषध असं आहे की ते नक्कल करायला लागणाऱ्या कच्च्या मालाचा पुरवठाच तोडतं. ते घातलं की पेशी थांबतात, पण वाढणं चालूच असतं, त्यामुळे नुसत्या लांब लांब होत जातात, पडवळासारख्या. औषध धुऊन टाकलं की राहिलेली नक्कल पुरी करतात आणि मगच दुभागतात.

पेशीला हे थांबायचं कळतं कसं, हा माझा प्रश्न होता. ते शोधायची रीत जरा उलटी आहे. पेशींमध्ये मुद्दाम बिघाड घडवून आणायचा आणि त्यातून अशी एखादी हुडकायची जी थांबतच नाही, नक्कल अर्धवट असतानाच धडाधड भिंत घालते. अशी पेशी सापडली की तिच्यात काय बिघडलंय ते बघायचं, म्हणजे थांबवणारा भाग कुठला ते कळतं. परदेशात अशा काही पेशी सापडल्या होत्या. भिंत थेट डीएनएच्या मधून गेल्यामुळे त्या मरायच्या. आमच्या सरांना वाटत होतं की आणखीही काही सापडतील. सर म्हणजे माझे गाइड. ते कमी बोलायचे आणि त्यांच्या कमी बोलण्याची मला फार भीती वाटायची.

दोन वर्षं मी बिघडलेल्या पेशी औषधात टाकत होते आणि त्या सगळ्या अगदी आज्ञाधारकपणे थांबत होत्या. मुंबईतली एवढी माणसं कुठे थांबत नाहीत, आणि माझ्या वाट्यालाच हे शिस्तीचे जीव आले होते.

मग जूनच्या तोंडावर, सर दिल्लीला एका बैठकीला गेलेले असताना, एका शुक्रवारी दुपारी मला ती सापडली. औषधात चार तास ठेवलेली पेशी. लांब झालेली नाही. मधोमध भिंत, छान, सरळ. मी डीएनए रंगवून पाहिला. भिंतीच्या या बाजूला एक निळा ठिपका, त्या बाजूला एक निळा ठिपका. म्हणजे ती थांबली तर नव्हतीच, वर मेलीही नव्हती! परदेशातल्या मरतात, माझी जगते. पुस्तकात नसलेली गोष्ट मी बघत होते.

मी त्या दिवसाच्या रांगेतल्या पुढच्या नळीतली, निराळ्या बिघाडाची पेशी घेतली. तीही थांबली नव्हती.

शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. दोन वर्षांत एक मिळत नाही आणि एका दुपारी दोन? पहिली मिळाली तेव्हा मी देवाचे आभार मानले होते, दुसरी मिळाली तेव्हा स्वतःचे मानले. तिसरीही तशीच निघाली, चौथीही. तेव्हा मला वाटायला लागलं की माझ्या हातालाच काहीतरी गुण आहे. नेहमीची, न बिघडवलेली साधी पेशी शेजारी ठेवून बघायची असते, हा या धंद्यातला पहिला धडा. त्या दिवशी मी ती ठेवलीच नव्हती. साधी पेशी काय करते हे मला ठाऊक होतं. थांबते. दोन वर्षं तेच तर बघत होते.

घरी पोचले ती पायऱ्या दोनदोन चढत. दार उघडल्या उघडल्या ओरडले, "सापडली!"

"काय हरवलं होतं?" आईने विचारलं.

मी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ते औषध, ते कसलं म्हणालीस?"

"कॅन्सरसाठी पण वापरतात ते. पण बाबा, त्याचा इथे..."

पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. ते उठले, शर्ट घातला, चपला सरकवल्या आणि खाली गेले. मी थांबवायला हवं होतं. थांबवणं हाच तर माझा विषय. पण खरं सांगते, ते कुठे चाललेत हे मला माहीत होतं आणि मला ते आवडत होतं. तासाभराने ते पेढ्यांचा पुडा घेऊन परतले आणि आईने तो मजल्यामजल्यावर वाटला. बेन मला दारातच मिठी मारून म्हणाल्या, "मैं बोलती थी ना सबको, लड़की कुछ करेगी." पावाचं काहीच मनात ठेवलं नव्हतं त्यांनी.

शनिवारी सकाळी मी निघाले तेव्हा काळ्या फळ्यावर टँकरच्या वेळेखाली लिहिलं होतं: 'हमारी सोसायटी की बेटी ने कैंसर की पेशी खोज निकाली. हार्दिक बधाई. संडे को सत्कार.' दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव रविवारी ठरलेलाच होता, त्यातच मलाही बसवलं होतं. 'कैंसर की पेशी' वाचून मी जरा चपापले. खडू उचलून दुरुस्त करावं असंही मनात आलं. पण 'बेटी ने खोज निकाली' एवढं बरोबर होतं, आणि तेवढ्यावर मी पुढे झाले.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले ती सरांना दाखवायला फोटो काढायला. फोटो चांगला यायचा तर शेजारी साधी, थांबलेली, पडवळासारखी पेशी हवी. लग्नाच्या फोटोत नवरी उजळ दिसावी म्हणून करवल्या नीट निवडतात, तसंच ते. म्हणून, आणि केवळ म्हणून, मी साध्या पेशी औषधात टाकल्या, डबा खाल्ला आणि दुपारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

साध्या पेशीही थांबल्या नव्हत्या.

सगळ्या आखूड. मधोमध भिंत. दोन बाजूंना दोन ठिपके. मी काच बदलली. डोळे चोळले. नळीवरचं लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. मग मी सावकाश औषधाच्या बाटलीकडे गेले.

ते औषध पांढरी भुकटी असते आणि ओल तिला सोसत नाही. ओल लागली की ती नासते आणि तिचा काही उपयोग उरत नाही. म्हणून ती सिलिका जेलच्या खड्यांवर, झाकणबंद काचेच्या भांड्यात ठेवायची. हे खडे कोरडे असले की निळे असतात आणि ओल शिरली की गुलाबी होतात. आमच्या भांड्यातले खडे गुलाबी झालेले होते. ते गुलाबी झालेत हे मला महिनाभर दिसत होतं. मला तो रंग आवडलाही होता, आईसाठी अशाच रंगाची साडी बघावी असं एकदा मनात येऊन गेलं होतं.

थोडक्यात, औषध नासलं होतं. नक्कल कुणाचीच अडली नव्हती. माझ्या सगळ्या पेशींनी नेहमीप्रमाणे नक्कल पुरी केली होती, नीट तपासली होती आणि मगच त्या दुभागल्या होत्या. त्या खोलीत न तपासता धावत सुटलेली मी एकटीच होते.

घरी आले तेव्हा आई माझ्यासाठी रविवारची साडी इस्त्री करत होती.

"आई, बाबा, ते सापडलेलं नाहीये," मी म्हणाले.

"म्हणजे? पुन्हा हरवलं?" बाबा म्हणाले.

"नाही. नव्हतंच."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग आपण पेढे कशाचे वाटले?"

आई इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांग त्यांना. उगाच लोकांत हसं नको."

बाबा आणि मी सेक्रेटरींकडे गेलो. ते उत्तरेकडचे, कपड्यांच्या धंद्यातले, उत्साही गृहस्थ. हॉलमध्ये जमिनीवर कापडी बॅनर वाळत घातला होता आणि त्यावर रंगवलेल्या अक्षरांत माझी पेशी होती.

"अंकल, प्रोग्राम में से मेरा नाम निकाल दीजिए," मी म्हणाले. "एक्सपेरिमेंट गलत निकला."

"गलत मतलब?"

"दवाई खराब थी."

"तो दवाईवाले को पकड़ो!" ते उसळून म्हणाले. "आप क्यों टेन्शन लेती हो? नगरसेवक साहब आ रहे हैं, आपका सुनके ही हाँ बोला उन्होंने. बच्चों के मार्क्स के लिए थोड़ी आते हैं वो."

"पण ती खरंच..." बाबांनी मराठीत सुरुवात केली.

"भाईसाहब," सेक्रेटरी बॅनरकडे बोट दाखवून म्हणाले, "कलर सूखने दो."

रविवारी संध्याकाळी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. दहावी-बारावीची सात-आठ मुलं पहिल्या रांगेत होती आणि टोकाला साडी नेसून मी. नगरसेवक तासभर उशिरा आले आणि सरळ माइककडे गेले. "या आपल्या ताईंनी," ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "मीरा-भाईंदरचं नाव जगात नेलं. कॅन्सर आता किती दिवसांचा पाहुणा?" टाळ्या. मी पदराच्या टोकाशी खेळत खाली बघत होते. शाल आली, नारळ आला आणि हातात माइक आला.

आदल्या दिवसापासून मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. ते धैर्य होतं असं नाही. सोमवारी सर येणार होते आणि उद्या हा बॅनर कसा कोण जाणे त्यांच्या नजरेला पडेल अशी मला भीती होती.

"मला काहीही सापडलेलं नाही," मी म्हणाले.

माइकने एक शिट्टी मारली.

"मुझे कुछ नहीं मिला है. मेरी गलती थी. मैंने चेक नहीं किया."

सेक्रेटरी खुर्चीतून उठले. मला वाटलं आता माइक काढून घेणार. ते लोकांकडे वळून म्हणाले, "देखिए! इतना बड़ा काम करके भी कितनी नम्रता!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही, नाही, नम्रता नाही," मी म्हणाले. टाळ्या वाढल्या. "औषध नासलं होतं, त्यामुळे साधी पेशीसुद्धा..." नगरसेवक स्वतः उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. खरेपणाने मी जितकी खाली उतरू बघत होते, तितकी लोक मला वर चढवत होते. शेवटी मी "धन्यवाद" म्हणून बसले. आयुष्यात एवढ्या टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत. माझ्यानंतर बारावीला खरंखुरं पंच्याऐंशी टक्के मिळवलेल्या मुलीला अगदीच थोड्या पडल्या. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला समजत होती.

वर जाताना जिन्यात बेननी मला गाठलं. "एक बात बताओ," त्या हळूच म्हणाल्या. "सच में नहीं मिला ना?"

"सच में नहीं मिला, बेन."

"तो फिर से करना पड़ेगा?"

"हां."

"सब?"

"सब."

त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. "चलो, पहले खाना खा लो," म्हणाल्या. सबंध संध्याकाळभरात तेवढं एकच वाक्य मला उद्देशून बोललं गेलं असं मला वाटलं, आणि मी तिथे जिन्यातच रडले.

सोमवारी सर आले. मी एका दमात सगळं सांगितलं. पेढे, फळा, बॅनर, शाल, काहीही वगळलं नाही. सर ऐकत होते. मी साध्या पेशींपर्यंत पोचायच्या आतच त्यांनी विचारलं, "आणि साध्या पेशी?" म्हणजे मला जे कळायला शनिवार उजाडला, ते त्यांना माझ्या तिसऱ्या वाक्यात कळलं होतं. ते उठले, काचेचं भांडं उघडून गुलाबी खडे बघितले आणि झाकण लावलं.

"नवीन औषध मागवू या," ते म्हणाले. "यायला वेळ लागेल. तोवर तू सिलिका जेल भाज."

सिलिका जेल ओव्हनमध्ये भाजलं की ओल जाऊन पुन्हा निळं होतं. मजल्यावरच्या प्रत्येक प्रयोगशाळेचे खडे माझ्याकडे यायला लागले. कॅन्सर हद्दपार करणारी ताई जूनभर ट्रे आतबाहेर करत, पोहे भाजावेत तसे खडे भाजत होती. सर जाता-येता त्यांचा रंग बघायचे आणि एकदा म्हणाले, "छान झालेत." त्यांच्याकडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

नव्या औषधात माझ्या सगळ्या पेशी पुन्हा शहाण्यासारख्या थांबायला लागल्या. न थांबणारी पेशी मला कधीच मिळाली नाही. मिळाली ती अगदी उलटी. औषध घातलं की ती नीट थांबायची, पण औषध धुतल्यावर पुन्हा सुरूच व्हायची नाही. साध्या पेशी औषध गेलं की उरलेली नक्कल संपवून कामाला लागायच्या, ही मात्र थांबली ती थांबलीच. सत्कारानंतर माझी जी अवस्था झाली होती तीच हिची होती, म्हणून असेल, माझं तिच्याशी जमलं. मी तिला साध्या पेशींशेजारी ठेवून इतक्या वेळा तपासलं की सर एक दिवस वैतागून म्हणाले, "आता पुरे, लिहायला घे." त्या एका अडून बसलेल्या पेशीवर मी डॉक्टर झाले. तोवर फळ्यावर पुन्हा फक्त टँकरच्या वेळा राहिल्या होत्या आणि मी घरात सक्त ताकीद दिली होती की यातलं अक्षरही जिन्याखाली जाता कामा नये.

प्रबंध द्यायच्या आधी एका शनिवारी बाबा प्रयोगशाळा बघायला आले. इतकी वर्षं मी काय करते हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, कचेरीत जावं तसे. मी आधीच थांबवून ठेवलेल्या साध्या पेशींवरचं औषध धुतलं होतं आणि आता त्या भिंत घालायच्या बेतात होत्या. बाबांना एक डोळा मिटून बघायला जमेना. आधी त्यांना स्वतःची पापणी दिसली आणि ती त्यांना फार आवडली. मग दोन्ही डोळ्यांनी बघायचं यंत्र काढलं, तेव्हा कुठे पेशी दिसल्या.

"हलत नाहीत गं."

"नाही हलत. बघत राहायचं."

मला वाटलं दोन मिनिटांत कंटाळतील. ते स्टूल ओढून बसले. मी चहा आणला, तो निवला. मधेमधे ते "अजून नाही" एवढंच सांगायचे. बराच वेळ गेला आणि एकदम त्यांनी हात वर केला, कचेरीत शिपायाला बोलवावं तसा.

"आली रेघ! मधोमध आली बघ. बारीक आहे, पण आली." मी वाकून बघायला गेले तर ते बाजूला होईनात. "थांब, आता तुटतायत का बघू दे."

त्या तुटेपर्यंत ते उठले नाहीत. मग चष्मा लावत माझ्याकडे वळले. "यातली आई कुठली आणि मुलगी कुठली?"

"तसं काही नसतं हिच्यात, बाबा. दोघी सारख्याच. जुनी कुठली आणि नवी कुठली हे सांगता येत नाही."

त्यांनी यावर जरा विचार केला. "बरं आहे," म्हणाले. "म्हणजे कुणी कुणाचा सत्कार करायला नको."

मग त्यांना बाथरूम कुठे आहे ते विचारायचं होतं. मघापासून दाबून बसले होते.